भूगोल घेऊन पुढे काय? ॲडमिशनपासून पहिल्या नोकरीपर्यंत

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर चिडचिड नको. "भूगोलतज्ज्ञ पाहिजे" अशी जाहिरात तुम्हाला जवळपास कधीच दिसणार नाही. वकिली शिकला की वकील होतो, नर्सिंग शिकली की नर्स होते, तसं सरळ नाव भूगोलाच्या डिग्रीला चिकटलेलं नाहीये आणि घरचे घाबरतात ते बहुतेक याच कारणाने. नोकऱ्या आहेत, बऱ्याच प्रकारच्या आहेत, फक्त त्यांची नावं वेगळी असतात: जीआयएस (जागेची माहिती कॉम्प्युटरवर नकाशांत मांडायची पद्धत) ॲनालिस्ट, फ्लड मॉडेलर, ट्रान्सपोर्ट प्लॅनर, कॅटॅस्ट्रॉफी रिस्क ॲनालिस्ट, रिमोट सेन्सिंग (सॅटेलाइटवरून दुरून जमिनीची माहिती घेणं) सायंटिस्ट वगैरे. यातली निम्मी नावं पहिल्या वर्षाच्या मुलांनी ऐकलेलीच नसतात. त्यामुळे डिग्री चालू असतानाच दोन गोष्टी स्वतः ठरवाव्या लागतात, आपल्याला कुठला प्रश्न सोडवायला आवडतो आणि त्यासाठी कुठलं तंत्र पक्कं करायचं. कॉलेज हे ठरवून देत नाही.

पायरी १: कोर्स निवडताना सिलॅबस उघडून वाचा

राजधान्या, नद्या आणि पर्वतांची उंची पाठ करायचा विषय असं डोक्यात असेल तर ते शाळेतच सोडून या. युनिव्हर्सिटीत विषयाचे ढोबळ तीन भाग पडतात. प्राकृतिक भूगोल म्हणजे भूरूपं, हवामान, पाणी, माती, हिमनद्या. मानवी भूगोल म्हणजे शहरं, स्थलांतर, शेती, व्यापार, राजकीय सीमा, आरोग्य. आणि तिसरा भाग तंत्रांचा, त्यात नकाशाशास्त्र, जीआयएस, रिमोट सेन्सिंग, संख्याशास्त्र आणि फील्डवर्क येतं. पहिले दोन भाग सगळीकडे असतात, तिसरा किती आहे यावर कोर्सचा दर्जा ठरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ब्रोशरमधले डोंगराचे फोटो बघू नका, सिलॅबसची पीडीएफ उघडा. जीआयएसचे पेपर किती आहेत, त्यात कॉम्प्युटर लॅब आहे का नुसती थिअरी, संख्याशास्त्र कम्पल्सरी आहे का, फील्ड ट्रिप किती दिवसांची आहे आणि तिचे मार्क्स धरतात का, शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध करायला मिळतो का, एवढं तपासा. बीए का बीएससी हा प्रश्न सगळे विचारतात. पूर, हवामान, सॅटेलाइट अशा बाजूला जायचं असेल तर बीएससी सोयीची पडते कारण गणित आणि लॅब जास्त असते, प्लॅनिंग, विकास, सोशल रिसर्चकडे कल असेल तर बीए चालते. पण बीए करून नंतर कोडिंग शिकून टेक्निकल नोकरीत जाणारेही असतात, तेव्हा त्यावर फार रात्री जागवू नका.

पायरी २: पहिल्या वर्षी नकाशा खरंच समजून घ्या

हे सोपं वाटतं म्हणून मुलं सोडून देतात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात. पृथ्वी गोल, कागद सपाट, त्यामुळे प्रत्येक नकाशा काहीतरी बिघडवतोच. मर्केटरने १५६९ मध्ये आपला नकाशा काढला तो खलाशांसाठी, त्यावर दिशा सरळ रेषेत मिळते आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण क्षेत्रफळाचं त्यात वाटोळं होतं. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका साधारण १४ पट मोठी आहे. ६० अंश अक्षांशावर तर मर्केटरमध्ये लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होतं. आता गंमत अशी की वेबवरचे बहुतेक नकाशे अजून मर्केटरच्याच एका भावंडात असतात, आणि नवखा माणूस त्यावरच जंगलाचं क्षेत्रफळ मोजून मोकळा होतो.

दुसरी नेहमीची गडबड अंशांची. तुमचा डेटा अक्षांश-रेखांशात असेल आणि सॉफ्टवेअरला तुम्ही "५०० चा बफर दे" (म्हणजे एखाद्या जागेभोवती तेवढ्या अंतराचा पट्टा आख) म्हणालात तर ते ५०० मीटर धरत नाही, ५०० अंश धरतं, म्हणजे पृथ्वीला गुंडाळून उरेल एवढं. बरं अंशाचंही अंतर सगळीकडे सारखं नसतं, रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर, ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा आणि ध्रुवावर शून्य. म्हणून मोजमाप करायच्या आधी डेटा मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत) न्यायचा. यूटीएम नावाची पद्धत आहे, ती पृथ्वीचे ६ अंशांचे ६० उभे पट्टे पाडते, तुमची जागा ज्या पट्ट्यात पडते तो निवडला की छोट्या भागासाठी काम भागतं. मोठ्या भागाचं क्षेत्रफळ मोजायचं असेल तर समक्षेत्र प्रोजेक्शन घ्या, त्यात क्षेत्रफळ बिघडत नाही.

याच्या जोडीला समोच्च रेषा वाचायला शिका. कागदी टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा) घ्या, रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, व्हीचं टोक चढाच्या बाजूला वळलं की दरी, हे डोळ्याला आपोआप दिसायला लागेपर्यंत सराव करा. उंचीचा डिजिटल डेटा वापरायला लागलात की हीच नजर चूक पकडते.

पायरी ३: संख्याशास्त्रापासून पळू नका

बरीच मुलं भूगोल घेतातच गणित टाळायला. ठीक आहे, पण सरासरी, विचलन, सहसंबंध, रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढणं) एवढं यायलाच हवं, आणि भूगोलात वर आणखी एक भानगड असते. साध्या संख्याशास्त्रात प्रत्येक निरीक्षण एकमेकांपासून स्वतंत्र धरतात. जागेचा डेटा तसा नसतो. शेजारच्या दोन वस्त्यांचं उत्पन्न, तापमान, पाऊस, आजार सहसा मिळतेजुळते असतात आणि लांबच्यांचे कमी. वॉल्डो टोबलरने १९७० मध्ये हे मांडलं आणि लोक त्याला भूगोलाचा पहिला नियम म्हणतात. त्यामुळे हजार ठिकाणांचा डेटा असला तरी त्यात हजार स्वतंत्र माहित्या नसतात, आणि नेहमीचा रिग्रेशन तुम्हाला खोटा आत्मविश्वास देतो. मोरान्स आय नावाचं एक मोजमाप हे शेजारपण किती आहे ते सांगतं, दुसऱ्या वर्षापर्यंत ते चालवता आलं पाहिजे.

सीमांचंही तसंच. तेच लोक, तेच घरांचे आकडे, फक्त वॉर्डच्या सीमा वेगळ्या पाडल्या की निष्कर्ष बदलू शकतो. राजकारण्यांना हे फार आधीपासून माहीत आहे, १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या काळात मतदारसंघ असे वेडेवाकडे पाडले की त्यावरून जेरीमँडरिंग हा शब्दच पडला. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणी मुद्दाम करत नसतं, पण परिणाम तोच होतो, म्हणून एकच विश्लेषण दोन वेगळ्या सीमांवर करून बघायची सवय लावा.

पायरी ४: सॉफ्टवेअर एकच धरा, पण घरी बसून वापरा

जीआयएसचा जन्म १९६० च्या दशकात कॅनडात झाला, रॉजर टॉमलिन्सनने देशभरच्या जमिनीची नोंद कॉम्प्युटरवर आणायला हे काढलं, कारण एवढे नकाशे हाताने एकमेकांवर ठेवून मोजणं परवडणारं नव्हतं. आज तेच काम लॅपटॉपवर होतं. क्यूजीआयएस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, त्यावरच सुरुवात करा. बऱ्याच ऑफिसांत आर्कजीआयएस असतं, ते विकतचं आहे, कॉलेजकडे लायसन्स असेल तर तेही हाताळून ठेवा. दोन्हीतल्या कल्पना सारख्याच आहेत, बटणं वेगळ्या जागी असतात एवढंच.

ट्युटोरियलचे व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा एक छोटं काम पूर्ण करा. मी सुचवतो ते असं: कुठलाही एक तलाव किंवा धरणाचा जलाशय घ्या. सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाइटच्या इमेज फुकट मिळतात, महत्त्वाच्या बँड्समध्ये (प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत) एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा असतो आणि दोन सॅटेलाइट मिळून विषुववृत्तावर साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा परत टिपतात. दोन वेगळ्या वर्षांच्या इमेज घ्या, पण महिना तोच ठेवा, नाहीतर तुम्ही ऋतू मोजाल आणि बदल मोजला असं समजाल. ढग कमी असलेली तारीख निवडा. मग हिरवा बँड म्हणजे बँड ३ आणि निअर इन्फ्रारेड म्हणजे बँड ८ घेऊन, हिरव्यातून इन्फ्रारेड वजा आणि त्याला दोघांच्या बेरजेने भाग, असा निर्देशांक रास्टर (पिक्सेलच्या चौकटींचा डेटा) कॅल्क्युलेटरमध्ये काढा. पाणी इन्फ्रारेड शोषून घेतं म्हणून पाण्याची किंमत वर जाते आणि जमिनीची खाली. कुठल्या किमतीपुढे पाणी धरायचं ते इमेज बघून ठरवा, पाण्याचे पिक्सेल मोजा, १०० ने गुणा, चौरस मीटर मिळाले. दोन्ही वर्षांचा फरक काढा. एवढ्यात प्रोजेक्शन, बँड्स, रास्टर, वर्गीकरण, अचूकता सगळं येऊन गेलं. काठावरचा गाळ आणि डोंगराची सावली पाणी म्हणून मोजली गेली असेल, ती शोधणं हा यातला सगळ्यात शिकवणारा भाग.

जुना काळ बघायचा असेल तर लँडसॅट ही अमेरिकन सॅटेलाइटची मालिका. पहिला १९७२ मध्ये सुटला, आणि २००८ पासून त्याचा साठा सगळ्यांना फुकट आहे, आत्ताच्या लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा. उंचीसाठी २००० मध्ये स्पेस शटलवरून घेतलेला एसआरटीएम डेटा. रस्ते, इमारती, दवाखाने हवे असतील तर २००४ पासून चालू असलेला, लोकांनी मिळून काढलेला फुकट नकाशा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. डेटा नाही म्हणून प्रोजेक्ट झाला नाही हे कारण आता फारसं चालत नाही.

आणि हो, शेपफाइल (जीआयएसचा एक जुना फाइल प्रकार) पाठवताना नुसती .एसएचपी पाठवू नका, समोरच्याकडे उघडणार नाही. तिच्यासोबत .एसएचएक्स आणि .डीबीएफ लागतात आणि प्रोजेक्शन कळायला .पीआरजे. कॉलमच्या नावाला १० अक्षरांचीच मर्यादा असते ते वेगळंच. त्यापेक्षा जिओपॅकेज वापरा, सगळं एकाच फाइलमध्ये राहतं.

बटणं दाबून कंटाळा आला की पायथन शिका. त्यातल्या जिओपांडाज, रास्टरिओ या नकाशाच्या कामाच्या लायब्ररी, आणि डेटाबेससाठी पोस्टजीआयएस. ऐंशी फाइल्सवर तेच काम परत परत करायची वेळ येईल तेव्हा कोडिंग का शिकायचं ते कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

पायरी ५: फील्डवर्क म्हणजे पिकनिक नाही

वहीत तारीख, वेळ, हवामान, जीपीएस, फोटो कुठल्या दिशेला तोंड करून काढला, हे सगळं जागेवरच लिहा, संध्याकाळी आठवून लिहिलेलं खोटं असतं. नदीचा वेग मोजायला महागडं यंत्र नसेल तर ठरावीक अंतरावर तरंगतं काहीतरी सोडून वेळ घ्या, पण पृष्ठभागावरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात वाहतं, म्हणून आलेल्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणतात. गुडघ्यावर पाणी आणि ओढ असेल तर आत उतरू नका, मार्क्स त्याचे नाहीत. माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर आधी परवानगी, कशासाठी विचारताय ते सरळ सांगणं, नावं न छापणं, आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीचा कागद. हा कागद मिळायला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात मागाल तर मिळणार नाही.

पायरी ६: प्रबंध हाच तुमचा पहिला नोकरीचा पुरावा

"शहरीकरणाचा पर्यावरणावरील परिणाम" असा विषय घेतलात तर वर्षभर तुम्ही दुसऱ्यांचंच वाचून परत लिहाल. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एका नकाशात आणि एका तक्त्यात मावेल. उदाहरणार्थ, दुपारी बारा ते तीन या वेळात कुठल्या बसस्टॉपवर सावली नसते, आणि त्याच स्टॉपवर वयस्कर लोक जास्त थांबतात का. यात मोजता येतं, चालत जाता येतं, सॅटेलाइटचं पृष्ठभागाचं तापमान जोडता येतं, आणि उत्तर ज्याला हवंय असं एखादं ऑफिस खरंच असतं. प्रश्न पक्का करायच्या आधी डेटा मिळतो का ते बघा, उलट क्रमाने केलेले प्रबंध मार्चमध्ये रडवतात.

उत्तर मिळालं की जे त्यात बसत नाहीत त्यांच्याकडे जा. जॉन स्नो या डॉक्टरचा १८५४ चा लंडनचा कॉलराचा नकाशा सगळ्यांना माहीत असतो, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मृत्यूंची गर्दी वगैरे. पण नुसत्या गर्दीने काही सिद्ध होत नव्हतं, तेव्हा बहुतेक डॉक्टर कॉलरा दूषित हवेतून पसरतो असंच मानत होते आणि हवाही तिथलीच होती. स्नो अपवाद शोधत गेला. पंपाजवळच्या वर्कहाउसमध्ये (गरिबांना ठेवायच्या जागेत) पाचशेच्या वर माणसं राहात होती आणि मेली फक्त पाच, त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या ब्रुअरीतले कामगार वाचले, त्यांना बिअर मिळायची आणि पाण्याची सोयही वेगळी होती. आणि लांब हॅम्पस्टेडला एक विधवा बाई वारली, ती त्या पंपाच्या पाण्याची चव आवडते म्हणून तिकडून पाणी मागवायची. हवेच्या सिद्धांतात हे तिन्ही बसत नाहीत, पाण्याच्या सिद्धांतात बसतात. तुमच्याही प्रबंधात एक प्रकरण अपवादांचं ठेवा, परीक्षक तिथेच थांबून वाचतात.

पायरी ७: कुठे कुठे काम मिळतं

सगळ्यात जास्त मुलं जीआयएस आणि रिमोट सेन्सिंगमध्ये जातात. सुरुवातीला काम बऱ्यापैकी कंटाळवाणं असतं, डिजिटायझिंग करा, डेटा साफ करा, पत्ते जुळवा. दोन वर्षं त्यातच अडकून राहिलात आणि कोडिंग आलं नाही तर पगार तिथेच राहतो, हे कोणी आधी सांगत नाही.

पाणी आणि पुराचं काम गणित आवडणाऱ्यांसाठी. एचईसी-आरएएस हे अमेरिकन आर्मीच्या इंजिनिअर कोअरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नदीत किती पाणी आलं तर कुठपर्यंत पसरेल ते त्यात मांडता येतं. इथे इंजिनिअर लोकांशी स्पर्धा असते, पण नदी आपलं पात्र कसं आणि का बदलते ही समज भूगोलवाल्याकडे जास्त असते आणि ती विकता येते.

इन्शुरन्सबद्दल विद्यार्थ्यांना जवळजवळ काहीच माहीत नसतं आणि मला तो सगळ्यात दुर्लक्षित मार्ग वाटतो. विमा कंपन्यांना वादळ, भूकंप, पूर आला तर किती भरपाई द्यावी लागेल ते आधी हवं असतं. त्यासाठी कॅटॅस्ट्रॉफी मॉडेल बनवतात, त्याचे चार भाग: धोका कुठे आणि किती जोराचा, त्या जागी काय काय उभं आहे, ते किती लवकर मोडेल, आणि त्याचे पैसे कोण भरेल. पहिले दोन तर सरळसरळ भूगोलच आहेत.

शहर आणि ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगमध्ये बऱ्याच देशांत मान्यताप्राप्त प्लॅनिंगची पुढची डिग्री लागते, ती आधीच धरून चाला. पर्यावरण सल्लागार कंपन्यांत प्रकल्पांचे परिणाम तपासायचं काम असतं, अमेरिकेचा १९६९ चा नेपा कायदा आला आणि मग ही पद्धत जगभर गेली, यात साइटवर फिरणं आणि रिपोर्ट लिहिणं सारखंच येतं, लिहायचा कंटाळा असेल तर जाऊ नका. दुकानं आणि डिलिव्हरी कंपन्यांना नवी जागा कुठे घ्यायची हे ठरवायला ड्राइव्ह टाइमचे (गाडीने किती वेळात कुठपर्यंत पोचता येतं त्याचे) नकाशे लागतात. आरोग्य खात्यांना आजारांचे नकाशे लागतात. शिक्षकी करायची असेल तर अध्यापनाची पात्रता लागते, संशोधन करायचं तर पीएचडी, यात नवीन काही नाही.

मदतकार्याचं जरा वेगळं आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ऑ-प्रिन्सचा धड नकाशाच नव्हता, जगभरच्या स्वयंसेवकांनी सॅटेलाइट इमेजवरून ओपनस्ट्रीटमॅपवर तो काही दिवसांत काढला आणि बचावपथकांनी तो वापरला. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था झाली. तिथे आजही कोणीही घरून इमारती आणि रस्ते काढू शकतं, डिग्री विचारत नाहीत. पगाराच्या जागा कमी, पण पहिल्या वर्षापासून दाखवण्यासारखं काम हातात येतं.

पायरी ८: दाखवायला काय आहे?

सीव्हीवर "क्यूजीआयएस येतं" लिहिलेलं सगळ्यांचं असतं. त्याऐवजी तीन नकाशे ठेवा, आणि प्रत्येकाखाली चार ओळी: प्रश्न काय, डेटा कुठला आणि कधीचा, पद्धत काय, आणि हा नकाशा काय सांगू शकत नाही. कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाका.

नकाशा दिसायलाही नीट हवा. इंद्रधनुष्याचे रंग वापरू नका, कमी-जास्त दाखवायचं असेल तर एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा घ्या. लाल-हिरवी जोडी टाळा, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. सिंथिया ब्रूअरचं कलरब्रूअर त्यासाठीच आहे, तिथून छटा उचला. आणि जिल्हे रंगवताना नुसते आकडे कधीच भरू नका, दर भरा, दर लाख लोकांमागे किंवा दर चौरस किलोमीटरमागे, नाहीतर तुमचा प्रत्येक नकाशा शेवटी लोकसंख्येचाच नकाशा होतो.

नोकरी शोधताना सर्चमध्ये भूगोल टाकू नका. स्पेशिअल (spatial) ॲनालिस्ट, जिओस्पेशिअल, ड्रेनेज, फ्लड रिस्क, लोकेशन इंटेलिजन्स, लँड यूज, हे शब्द टाका. वीस जाहिराती कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवा आणि त्यात कुठलं स्किल परत परत येतंय ते मोजा, ते दुसऱ्या वर्षीच केलंत तर शिकायला वेळ उरतो. इंटर्नशिपसाठी मेल टाकताना "मला शिकायची खूप इच्छा आहे" असं लिहून पाठवू नका, त्या ऑफिसच्या कामाशी जुळणारा तुमचा एक नकाशा जोडा आणि दोन वाक्यांत सांगा की यात काय केलंय.

मास्टर्स लगेच करायचं का, हे मात्र मार्गावर अवलंबून आहे. प्लॅनिंग, हायड्रोलॉजी, रिमोट सेन्सिंगचं संशोधन यात लवकर केलेलं बरं. साध्या जीआयएसच्या नोकरीसाठी आधी एक-दोन वर्षं काम करा, तोपर्यंत कुठल्या गोष्टीचा कंटाळा येतो आणि कुठली करताना घड्याळ बघावंसं वाटत नाही ते कळलेलं असतं, आणि काही ठिकाणी कंपनीच फी भरते.

इंटरव्ह्यूत तुमच्या नकाशावर बोट ठेवून "हा भाग असा का दिसतोय" असं विचारतील. उत्तर माहीत नसेल तर तिथे डेटा कमी होता का, ढग होते का, का सीमेचा खेळ आहे, हे मोठ्याने विचार करत सांगा, त्यांना बहुतेक वेळा तुम्ही विचार कसा करता तेच बघायचं असतं.